तीन नंबरचे हात

९ जाने., गुरु.

आज तिसरा सांगाडा निघाला.

पहिले दोघे गेल्या आठवड्यात मिळाले तेव्हा एकमेकांवर आडवेतिडवे होते, पोती फेकावीत तसे. एक नंबर बाई. डाव्या हाताचं कोपरापुढचं हाड मधोमध तुटलेलं. उत्खननाची पोर्तुगीज प्रमुख इनेस म्हणाली, वार अडवायला हात वर केला की हाड तिथेच तुटतं, आणि स्वतःचा हात तोंडापुढे धरून दाखवला. दोन नंबर पुरुष. मणक्यात शिशाची गोळी, बोराएवढी, हाडात अजून रुतलेली.

तिसरा वेगळा. त्याला फेकलेलं नाही, ठेवलंय. पाठीवर, पाय जुळवलेले, तोंड आभाळाकडे, दोन्ही हात छातीवर घडी घातलेले. उजवा वर.

इनेस आज दुबईला मीटिंगला. ती नसताना हाडाला बोट लावायचं नाही, फक्त माती काढायची. मी ब्रश घेऊन, हनीफभाई घमेलं घेऊन. (यापुढे ह. लिहिणार. साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते दाभोळकडचे, अठ्ठावन्न वर्षांचे, त्यातली एकतीस इथे रास अल खैमात.) नाकाशी आले तर हाड विचित्र लागलं, आडवं कापल्यासारखं. ब्रश थांबवला. इनेस बघेल सोमवारी.

ह. खड्ड्याच्या काठावरून वाकून बघत होते. म्हणाले, "ताय, ह्यो कोनतरी आपल्यातला वाटतो."
"आपल्यातला म्हणजे?"
"मंजे मानूस."

एक वाजता सुपरवायझर ओरडला, "यल्ला, खलास, बस आ गया." साइटची चित्रं मी काढते, त्यासाठी फोनवर एकच फोटो काढला. मोठा कॅमेरा, मोजपट्टी, सगळं सोमवारी. ह. नी ताडपत्री घातली, चारही कोपऱ्यांवर दगड. शुक्र-शनि-रवि पहाऱ्याला तेच.

१० जाने., शुक्र.

सुट्टी. इनेसने तिच्या देशाच्या एका जुन्या बखरीतला भाग इंग्रजी करून पाठवला. सकाळच्या चहाबरोबर वाचायला नको होता. पोर्तुगीज जहाजं या किनाऱ्यावर आली, खोर फक्कान बंदर जाळलं, जे पळू शकले नाहीत त्यांची नाकं-कान कापले. बाजारातल्या हिशेबासारखं लिहिलंय. कुठे आवाज नाही, रडणं नाही. कापले, जाळलं, पुढे निघालो. देवाचे आभार.

देवाचे आभार वाचून कप खाली ठेवला.

रियाने खांद्यावरून वाचलं. "मम्मा, दॅट्स सिक. व्हाय डू यू रीड धिस ऑन अ हॉलिडे?"
म्हटलं, हेच लोक आपल्या वसईलाही आले होते. आपलं परेरा हे नाव त्यांचंच.
"सो वी आर द बॅड गाइज?"

तिचा बाप मेल्विन फॅक्टरीला जायला बूट घालत होता. म्हणाला, "आपण बॅप्टिझम झालेले कोळी-शेतकरी. आपण कुणाचं नाक कापणार? आपलंच कापलेलं." हसला. टाइल्सच्या भट्टीजवळ बारा तास काढणाऱ्या माणसाला एवढं हसायची मुभा आहे.

पण उत्तर तेवढंच नाही. आपल्यातले काही त्यांच्या जहाजांवर होतेच की. वल्ही कोण मारत होतं?

१३ जाने., सोम.

ताडपत्री काढली.

हात छातीवर नाहीत.

दोन्ही बाजूंना सरळ, मांडीला लागून. बोटांची बारीक हाडंसुद्धा जमतील तशी ओळीने. तोंड आभाळाकडे नाही, पश्चिमेकडे वळवलेलं. गालाखाली मऊ चाळलेली वाळू, उशीसारखी.

इनेस गुडघ्यावर बसली. आधी कवटी. नाकाचं हाड साफ कापलेलं. कानामागच्या दोन्ही उंचवट्यांवर सरळ चिरा. हात लावून बघितलं, हात काढला, परत लावला. मग म्हणाली, "जखम भरून यायला एक दिवससुद्धा मिळाला नाही."

मग हातांकडे बघून म्हणाली, "आणि नंतर त्याच्या माणसांनी येऊन त्याला किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेने वळवलं. बघ रोझी, काय ही माया." डोळ्यांत पाणी होतं. तिच्या देशाने केलेल्या कामाचा पुरावा तिच्यासमोर पडला होता आणि तिला तो हवाही होता, नकोही होता. मला तिची दया आली.

आणि माझ्या तोंडून गेलं, "गुरुवारी हात असे नव्हते."

"काय?"

"छातीवर होते. घडी घातलेले."

सुपरवायझर आमच्या मागेच उभा होता. मला माहीत नव्हतं.

ह. चाळणीपाशी. वर बघितलं नाही. चाळणी हलवत राहिले. तिच्यात माती नव्हती.

१४ जाने., मंगळ.



सकाळी नऊला कंटेनरच्या मागे आवाज आला. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. गेले. सुपरवायझरने ह. ना कंटेनरला टेकवून धरलं होतं, गळपट्टीत मूठ. उघड्या हाताने कानशिलात मारत होता. एक. परत एक. "तीन दिन पहरा तेरा था. किसने छुआ? बोल. मेरी नौकरी खाएगा?" ह. बोलत नव्हते. टोपी खाली पडलेली, सुपरवायझरचा बूट तिच्यावर. डाव्या कानातून रक्त मानेवर, तिथून कॉलरमध्ये.

माझ्या हातात चित्राची मापं घ्यायचा स्टीलचा फुटा होता. फेकला. पूर्ण ताकदीने, डोक्याच्या नेमाने. अर्ध्या वितीने हुकला आणि कंटेनरवर आपटला.

तो वळला. ह. खाली बसले.

हुकला म्हणून बरं वाटलं नाही. हे खरं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. लागला असता, फुटलं असतं, तर मला त्या क्षणी आनंद झाला असता. मी, जिला मासा साफ करताना त्याचे डोळे झाकावेसे वाटतात.

नंतर सुपरवायझर अगदी नरम. "मॅडम, आपकी भूल हुई होगी. धूप में ऐसा होता है. आप बोल दो इनेस मॅडम को, हाथ ऐसे ही थे. सबका अच्छा." त्याला हे वरच्यांपर्यंत जाऊ द्यायचं नाहीये. पहाऱ्यात वस्तूला हात लागला, तर जबाब त्यालाही द्यावा लागेल. मारतो ते भीतीने. म्हणून मारणं कमी होत नाही.

इनेस दुपारी आली. तिला मारहाण कळली नाही, कारण ह. ना कुणी सांगू दिलं नाही आणि मीही… तिने विचारलं एवढंच, "गुरुवारचा फोटो आहे तुझ्याकडे?"

"शोधते," म्हटलं.

शोधायचं काय? गॅलरीत पहिलाच आहे.

१५ जाने., बुध.

ह. ना दवाखान्यात नेलं. मी सोबत, रजा टाकून. कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर मलबारी, चांगला. विचारलं कसं झालं. ह. म्हणाले, "घसरून पडला." कानावर कोण घसरतं? डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

बाहेर कडक चहा घेतला, गाडीत बसूनच. ऐकू कमी येतंय म्हणून मोठ्याने बोलत होते.

"मीच केला ताय. तुमाला ठाव हाय."
"का पण?"
"शुक्रवारचा नमाज झाला. आलो, ताडपत्री जरा उचलली. त्याचा तोंड वर आभाळात. मयताचा तोंड असा ठेवतात काय कोन? आमी दाभोळात बुडालेला खलाशी जरी मिळाला, नाव नाय, गाव नाय, तरी आधी किब्ल्याला वळवतो. मंग बाकीचा."
"आणि हात?"
"हात आखडलेले व्हते." स्वतःचे दोन्ही हात त्यांनी छातीशी ओढून दाखवले, थंडीत कुडकुडल्यासारखे. "मरताना दुखला असंल ना. नाक कापलेला मानूस. म्हटला, सरळ करूया, जरा आराम पडंल. हळू केला हो. एक एक बोट. फातिहाची दुवा पढलो आनि झाकला."

मला गाडी सुरू करता येईना.

मग सांगितलं. आखडलेले नव्हते हनीफभाई. आमच्यात मेलेल्याचे हात असे घालतात. उजवा वर. कुणीतरी मुद्दाम घातले असतील.

त्यांनी चहाचा कागदी कप दाबून चपटा केला, परत गोल करायला बघितला.

"मंजे तो किरिस्तांव?"
"माहीत नाही. कदाचित. कदाचित हात नुसतेच तसे पडले असतील."
"नाय." मान हलवली. "नुसता नाय पडत. मी काढले ना, मला म्हाईत. एकमेकात बसवलेले व्हते."

मग, "मी दुसऱ्याचा मयत बिघडवला."

१६ जाने., गुरु.

इनेसशी भांडण झालं. भांडण म्हणजे ती शांत, मी नाही.

ती म्हणते, तिघांचा निर्णय तिसऱ्यावर आहे. पहिले दोघे फेकलेले, त्यांच्यावरून काही ठरत नाही. तिसरा मुसलमानी पद्धतीने ठेवलेला असेल, तर तिघेही इथल्या कब्रस्तानात जातील, नमाज होईल, माती मिळेल. तसं नसेल, शंका असेल, तर तिघेही खोक्यांत. तिच्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये. तपासण्या, नमुने, दात फोडून पावडर. किती वर्षं? तिने खांदे उडवले.

"फोटो मिळाला?"
"तुला काय वाटतं, कोण असेल तो?" मी उलट विचारलं.
"तुझा फोटो बघितल्याशिवाय काही वाटून घेणार नाही."
"नाक तुम्ही कापलं असेल तर तो इथला. हात घडी असतील तर तो तुमचा. मग तुमच्या माणसाचं नाक कुणी कापलं?"
"रोझी, बखर आमच्याच लोकांनी लिहिली. इथल्यांनी पकडलेल्या खलाशांचं काय केलं ते त्यांनी लिहिलं नसेल, किंवा कुणी जिवंत परत आलं नसेल." मग हळूच, "किंवा बाटवलेला असेल. तुमच्या बाजूचा. दोघांनाही परका."

हसून वातावरण हलकं करायला म्हणाली, "काय गं परेरा, माझ्या आजीचं आडनाव तुझं. आपण चुलत बहिणीच."

म्हटलं, "आडनाव तुम्ही दिलंत. विचारून नाही दिलंत."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. वाईट वाटलं. तिने काय केलंय? बावीस वर्षांची असल्यापासून ती फक्त हाडं साफ करतेय.

नोंदीचा फॉर्म आणि चित्र सोमवारी दहाला द्यायचं. तोवर हाडं उचलून खोक्यात, प्रत्येक भागाची पिशवी वेगळी. डावा हात एक पिशवी, उजवा एक.

१७ जाने., शुक्र.

चर्चमध्ये मिसाला गेले. लक्ष नव्हतं.

पप्पा गेले तेव्हाचं आठवत राहिलं. मी वसईला पोचले तेव्हा त्यांना हॉलमध्ये ठेवलं होतं, हात घडी घालून, बोटांत रोझरी गुंडाळलेली. मला त्यांचा हात धरायचा होता. फ्लाइटमध्ये पूर्ण वेळ तेवढंच ठरवलं होतं, पोचले की हात धरायचा. बोटं सोडवायला लागले. घट्ट झाली होती. जोर केला. कर्र असं काहीतरी वाजलं. आत्याने माझ्या मनगटावर फाटकन मारलं. "मोडू नको गं बाय! घातलेले हात सोडवतात काय!"

मनगटावर वळ उठला होता. अंत्यविधीभर तो वळ बघत होते.

मी पप्पांचा हात सोडवत होते ते मायेनेच. ह. नी तीन नंबरचा सोडवला तेही. आणि ज्याने पहिल्यांदा घातला, त्या खड्ड्यात, वर कुणी तलवार घेऊन फिरत असेल, आग लागलेली असेल, त्याने स्वतःचा जीव घेऊन पळायचं सोडून खाली वाकून एका कापलेल्या माणसाचे हात… त्याचं काय झालं असेल? आमच्या खड्ड्यात चौथा नाही.

१८ जाने., शनि.

मेल्विनला सगळं सांगितलं, फुटा फेकला तेही. तो आधी फुट्यावरच थांबला. "तू? डोक्याच्या नेमाने?" मग म्हणाला, "डिलीट कर. खलास. मेलेला माणूस पाचशे वर्षं थांबलाय. जिवंत माणूस सोमवारनंतर थांबू शकणार नाही. पुराणवस्तूला हात लावला म्हणून केस झाली तर म्हाताऱ्याला कोण सोडवणार?"

बरोबर आहे. फोटो उघडला, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं. 'हा फोटो काढून टाकायचा?' असं आलं. 'हो' नाही दाबलं.

रियाने विचारलं, "बट व्हॉट डज द डेड गाय वॉन्ट?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

म्हटलं, "त्याला नाक हवं असेल."

ती हसली नाही. मीही.

ह. चा फोन. उद्या चारला घरी येतो. "साइटवर नको ताय. तिकडं त्यो बगत असतो."

१९ जाने., रवि.

सकाळपासून चित्राला बसले. कवटी आधी. कवटी कुठल्या बाजूला वळवायची हा प्रश्न लगेच आला, म्हणून ती नंतर ठेवली आणि फक्त घाव काढले, बाजूच्या चौकटीत. नाकावरचा आडवा. कानामागचे दोन. पेन्सिल तिथे हलकी चालेना. दोनदा टोक मोडलं. मग फासळ्या, पाठीचा कणा, पाय. पाय सोपे गेले. पायांना कुणी हात लावला नव्हता. दंड काढले. कोपरापर्यंत आले.

चारला ह. आले. कानात कापूस, इस्त्रीचा शर्ट, पिशवीत खजूर. खुर्चीच्या काठावर बसले. मेल्विनने पाणी दिलं आणि आत गेला.

चित्र बघितलं. बराच वेळ. "हात ऱ्हायले."
"हो."
"काडा ना मंग."
"कुठले काढू हनीफभाई?"

त्यांना एका कानाने ऐकू आलं की नाही कळेना, म्हणून परत विचारलं.

"आयकला," म्हणाले. "मी लावले ते नको. खोटा हाय तो. तुमी बगितले ते काडा. मी इनेस मॅडमला सांगतो, मी केला. मला घरी पाठवतील, पाठवू देत. एकतीस वर्सा झाली. दाभोळ अजून तितंच हाय."
"नुसतं पाठवणार नाहीत. केस झाली तर?"
"झाली तर झाली."

मी सांगितलं, दाभोळही फिरंग्यांनी असंच जाळलं होतं, त्याच दिवसांत, बायकामुलं कुणाला सोडलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. "आमचा दाभोळ? मला कोनी सांगितला नाय." जणू काल जळलं आणि घरून फोन आला नाही.

मग मला जे बोलायचं नव्हतं ते बोलले. घडी घातलेले हात काढले, तर तिघेही खोक्यात जातील. माती मिळणार नाही. दात फोडतील. तुम्ही ठेवले तसे काढले तर उद्या-परवा दफन होईल. एक नंबरच्या बाईलाही. तिचा तर कुणी कुठला हात धरला नाही.

हे त्यांना माहीत नव्हतं. टोपी काढली, झटकली. तिच्यावर बुटाचा ठसा अजून फिकट दिसतो, धुऊनसुद्धा.

"मंजे खरा सांगितला तर उघडा, आन खोटा सांगितला तर माती."
"हो."
"आन दुसऱ्याच्या नमाजात."
"हो."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो ऐकू आला नाही त्यांना, डावीकडून होता.

मग म्हणाले, "ताय, कसा घालतात तो जरा दाखवा."

मी उभी राहून दाखवलं. छातीवर, उजवा वर. त्यांनी करून बघितलं. डावा वर आला. मी पुढे होऊन त्यांचे हात सोडवले आणि परत घातले. तळवे खरखरीत, नखांत साइटची माती. हात जड होते, माणूस झोपेत असल्यासारखे. त्यांनी डोळे मिटले होते.

"असा?"
"असा."

कानामुळे फार मोठ्याने बोलले, सगळ्या घराला ऐकू गेलं. "एकट्याला नाय घालता येत हो ह्यो. कोनीतरी लागतो."

डोळे उघडले, हात खाली घेतले, खजुराची पिशवी टेबलावर ठेवली आणि निघाले. दारात म्हणाले, "उद्या धा वाजता मी बी येतो."

साडेपाच. चित्र समोर आहे. दोन्ही कोपरांच्या पुढे कागद पांढरा. फोन त्याच्या शेजारी, फोटो उघडलेला, स्क्रीन मधूनमधून काळी होते आणि मी बोट लावून ती परत उजळवते.